चाकवाला, पाऊलवाला आणि टायपिंगच्या बाई

त्या वर्षी मी सहा कॉम्प्युटरांवर मिळून किती वेळा लिनक्स टाकलं, हे नुसतं आठवायला बसलो तरी अजून मान दुखायला लागते. एका मशीनवर टाकायचं म्हणजे दीड-दोन तास. त्यात श्रीरामपूरची वीज. सगळं होत आलेलं असायचं, शेवटच्या चार-दोन फायली राहिलेल्या असायच्या, आणि पंखा हळूहळू थांबायचा. सुरुवातीला मी चिडायचो, टेबलावर हात आपटायचो. नंतर नंतर तेही बंद झालं. वीज येईपर्यंत खुर्चीत तसाच बसून राहायचो आणि आली की पहिल्यापासून सुरू करायचो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी एका शिक्षण संस्थेच्या कॉम्प्युटर विभागात तासिका तत्त्वावर शिकवत होतो. म्हणजे वर्गात उभं राहून जेवढे तास शिकवीन तेवढेच धरायचे. मशीनपुढे मान मोडून घालवलेले तास कुणी धरत नसे. मशीनंही आमची नव्हती. एका साखर कारखान्याच्या ऑफिसात नवी मशीनं आली, तेव्हा जुनी सहा त्यांनी संस्थेला देऊन टाकली. झाकणं पिवळी पडलेली, की-बोर्डच्या फटींत बिस्किटाचा चुरा. त्यांच्यावर नवं काही चालेना. प्राचार्यांनी कुठल्याशा मासिकात कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्स नावाच्या सिस्टीमबद्दल वाचलं आणि मला केबिनमध्ये बोलावून घेतलं.

"फुकट आहे म्हणतात. खरं का?"

"हो सर."

"मग तेच टाका. पण चांगलं बघून टाका."

या 'चांगलं बघून'ने माझं अख्खं वर्ष खाल्लं. कारण लिनक्स ही काही एक वस्तू नव्हती. टेम्पोची चासी एकच असते, पण बॉडी नगरला बांधली की एक, पुण्याला बांधली की दुसरी, तसा तो प्रकार. आतलं इंजिन तेच, वरची बांधणी ज्याची त्याची. मासिकांबरोबर सीडी यायच्या. एक निळी होती, एक पिवळी, आणि पुण्याच्या एका मित्राने स्वतः कॉपी करून पाठवलेली तिसरी, तिच्यावर स्केचपेनने नुसतं 'बेस्ट' लिहिलेलं. निळी टाकली की मित्राचं पत्र यायचं, निळी कशाला टाकलीस, पिवळीत फायली कशा जागच्या जागी असतात बघ. पिवळी टाकली की मलाच वाटायचं, निळीत प्रिंटर लवकर सापडत होता. मग 'बेस्ट'. 'बेस्ट'मध्ये प्रिंटर सापडलाच नाही.

बरं, सीडी ठरली तरी सुटका नव्हती. पडद्यावर जे दिसतं, म्हणजे खालची पट्टी, बटणं, चित्रं, त्यातही पुन्हा निवड. एकाच्या कोपऱ्यात दातेरी चाकाचं चित्र असायचं, दुसऱ्याच्या कोपऱ्यात पावलाचं. आमच्या विभागात त्यांची नावं चाकवाला आणि पाऊलवाला अशीच पडली. दोघांनाही पट्टी, दोघांनाही खिडक्या, दोघांतही तीच पत्रं लिहायची सोय. चाकवाल्यात पट्टी जरा जाड, पाऊलवाल्यात चित्रं जरा देखणी. एवढ्या फरकासाठी मी वहीत दोन रकाने आखून डावं-उजवं करत बसायचो. माझे वडील घोडेगावच्या बाजारात बैल घ्यायला गेले की दुपारच्या आत जोडी घेऊन परत येत. चालवून बघायचे, दात बघायचे, पाठीवर हात फिरवायचे, संपलं. मी मात्र महिनोन् महिने दोन सारख्याच बैलांच्या शेपट्या मोजत होतो. आणि खरं सांगायचं तर मला त्यात गंमतही वाटत होती. थकायचो, तरी वाटायचं की आपण काहीतरी मोठं ठरवतो आहोत.

आमच्या शेजारची खोली टायपिंगची होती. मधलं दार सदा उघडं, त्यामुळे दिवसभर बारा मशीनांचा खडखडाट कानावर असायचा. तिथल्या बाई चौदा वर्षं शिकवत होत्या, चौदाही वर्षं हंगामी. चाळिशीच्या आसपास वय, अंगाने किरकोळ, पण बोटं अशी की मी अजून दुसऱ्या कुणाची तशी पाहिली नाहीत. नजर कागदावर रोवलेली आणि हात आपापले पळताहेत. मुलींना शिकवताना एकच घोकायच्या, "नजर कागदावर. मशीनकडं बघायचं न्हाई. मशीनकडं बघितलं की चूक झालीच म्हणून समजा." कुणी मान वळवून बोटांकडे बघितलं तर फुटपट्टीने मान पुन्हा कागदाकडे वळवायच्या.

टायपिंगला येणाऱ्या मुली कमी होत चालल्या होत्या. दिवाळीनंतर संस्थेने ठरवलं की वर्ष संपलं की टायपिंग विभाग बंद. बाईंचं काय करायचं, हा प्रश्न समितीपुढे गेला. समिती म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य आणि दोन बागायतदार सभासद. त्यांनी ठरवलं, बाईंना कॉम्प्युटर येत असेल तर तिकडे घेऊ, नसेल तर त्यांना मोकळं करू. मार्चमध्ये त्यांनी समितीसमोर कॉम्प्युटरवर एक अर्ज टाइप करून छापून दाखवायचा, एवढीच परीक्षा. बाईंच्या घरात दुसरा पगार नव्हता. एक मुलगी दहावीला होती, एक बारावीला. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही चहा ओतता ओतता, तक्रारीचा सूर न लावता.

त्या रोज चार वाजता त्यांचा वर्ग सुटला की माझ्याकडे येऊन बसायला लागल्या. टाइप करण्यात त्यांना काय शिकवणार? घोडं अडायचं ते टाइप सुरू होण्याच्या आधी आणि संपल्यावर. कुठे टिचकी मारली की पत्राची खिडकी उघडते, कुठे मारली की छापतं. त्यांनी ते टायपिंगसारखंच शिकायला घेतलं, पाठ करून. शंभर पानी वही केली. त्यात लिहिलेलं असायचं: डावीकडचा खालचा कोपरा, चाक. वर सरकत तिसरी ओळ. उजवीकडे दुसरी. टिचकी. मग पांढऱ्या भागात एकदा टिचकी. मग टाइप.

आणि ती वही भरत आली की मी पाऊलवाला टाकायचो.

"सर, परत?" त्या दारात उभ्या राहून विचारायच्या.

"हा जास्त चांगला आहे बाई."

"कालचा बी चांगलाच हुता की."

"फारसा फरक नाही. सगळं तेच आहे. नुसत्या जागा बदलल्यात."

त्या नवी वही काढायच्या, वर तारीख घालायच्या आणि पहिल्या ओळीपासून लिहायला घ्यायच्या. अशा चार वह्या झाल्या. चौथ्या वहीच्या वेळी मात्र त्यांनी खुर्चीवर बसून डोळे मिटून घेतले आणि म्हणाल्या, "मला दोन्ही झोपेत दिसतात आता, आणि झोपेत पण चुकते मी." मी हसलो. ती हसण्यासारखी गोष्ट नव्हती, हे मला तेव्हाही कळायला हरकत नव्हती.

फेब्रुवारीत मी चाकवाला कायम केला आणि बाईंना शब्द दिला की आता हात लावणार नाही. बाईंची वही पक्की झाली. महिनाभर त्या रोज एक अर्ज टाइप करून छापायच्या. शेवटी शेवटी तर वही न उघडता.

परीक्षेला तीन दिवस राहिले असताना मी शब्द मोडला. चाकवाला त्या जुन्या मशीनांना झेपत नव्हता, हे खरंच होतं. सुरू व्हायला एवढा वेळ लावायचा की मुलं तोवर खिडकीतून बाहेर बघत बसायची. समितीपुढे मशीन असं रखडलं तर बाईंचं हसं होईल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला माझं हसं नको होतं. पिवळ्या सीडीवर एक तिसरा, जुना आणि हडकुळा प्रकार होता. त्याला ना चाक ना पाऊल, पण पळायचा सुरेख. तो टाकला. बाईंना म्हणालो, सराव पुरे झाला, दोन दिवस विश्रांती घ्या. आणि बाईंना त्रास नको म्हणून दोन दिवस बसून त्याला हुबेहूब चाकवाल्याचं रूप दिलं. पट्टी तिथेच, कोपऱ्यात चाकाचं चित्र तिथेच, तिसरी ओळ तिसरीच, उजवीकडे दुसरीही तीच. शेजारी शेजारी ठेवले असते तर मलाही ओळखू आले नसते. मला माझ्या कामाचा अभिमान वाटला.

एका गोष्टीत मात्र तो वेगळा होता. चाकवाल्यात एकदा खिडकीत टिचकी मारली की मग माउसचा बाण कुठेही जाऊ दे, टाइप केलेलं त्याच खिडकीत उमटायचं. हडकुळ्यात बाण ज्या खिडकीवर असेल तिथेच अक्षरं जात. बाण खिडकीबाहेर गेला की अक्षरंही गेली. मला ते माहीत होतं. मला ते आवडायचं सुद्धा. टिचकीचा एक हेलपाटा वाचतो, असं माझ्या रकान्यांच्या वहीत जमेच्या बाजूला लिहिलेलं होतं. बदलायचं तर एका ओळीचं काम होतं. मी ते केलं नाही, कारण ते महत्त्वाचं आहे असं मला वाटलंच नाही.

परीक्षेच्या सकाळी बाई लवकर आल्या. इस्त्रीची साडी, हातात रुमाल. मशीन सुरू होताना बघून म्हणाल्या, "आज लई लवकर सुरू झालं."

"थोडं हलकं केलंय. बाकी सगळं तेच आहे."

"एकदा बसून बघू का?"

दहाच मिनिटांत समिती यायची होती आणि मला प्रिंटरला कागद लावायचा होता. मी म्हणालो, "काही गरज नाही बाई. बोटांना विचारा, येईल."

समिती आली. टेबलाच्या पलीकडे चार खुर्च्या मांडल्या होत्या. तिथून त्यांना मॉनिटरची पाठ आणि बाईंचे हात तेवढे दिसत होते. मी टेबलाच्या बाजूला कोपऱ्यात प्रिंटरपाशी उभा होतो, त्याचा कागद पुन्हा पुन्हा तिरका जात होता म्हणून तो धरून. अध्यक्षांनी मजकुराचा कागद बाईंना दिला. पाणीपुरवठ्याबद्दलचा एक पानभर इंग्रजी अर्ज होता.

बाईंनी डाव्या कोपऱ्यात टिचकी मारली. तिसरी ओळ, उजवीकडे दुसरी. पडद्याच्या डाव्या अंगाला खिडकी उघडली. पांढऱ्या भागात त्यांनी एक टिचकी मारली. मग चौदा वर्षं जे केलं तेच केलं. मजकुराचा कागद उजव्या हाताला ठेवायची टायपिस्टची रीत. त्यासाठी त्यांनी माउस हाताने उजवीकडे सारला, जागा केली, कागद ठेवला, त्याची कड नीट केली. नजर कागदावर रोवली आणि सुरू झाल्या.

तो आवाज मला अजून ऐकू येतो. जुना की-बोर्ड होता, चांगला वाजायचा. कुठे अडखळणं नाही, कुठे मागे जाणं नाही. सभासदांपैकी एक जण दुसऱ्याला कोपराने ढोसून म्हणाला, "बघा की, हात बघा बाईंचा. लई भारी." दुसरा नुसता मान हलवत राहिला. अध्यक्षांनी हातातलं पाकीट बाजूला ठेवलं. मी प्रिंटरच्या कागदाकडे बघत उभा होतो आणि मनात म्हणत होतो, झालं, जमलं, सुटलो.

पान संपलं. बाईंनी शेवटचा पूर्णविराम दिला आणि आमच्याकडे बघून किंचित हसल्या. चौदा वर्षं त्या तशाच हसत असतील, पान संपल्यावर. मग पडद्यावरच्या मजकुराकडे न बघता, नुसता बाण कोपऱ्यातल्या छापायच्या बटणावर नेला, कारण ते ठिकाणही पाठ होतं, आणि टिचकी मारली. प्रिंटर खर्रकन वाजला, कागद पुढे सरकला आणि बाहेर आला. जवळच्या सभासदाने तो हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"बाई, कागद तर कोरा हाय."

तेव्हा बाईंनी पहिल्यांदा सगळा पडदा नीट बघितला. मीही बघितलं. पांढरी खिडकी जशीच्या तशी पांढरी होती. मला त्याच क्षणी सगळं कळलं. माउस उजवीकडे सारला तेव्हा बाण खिडकीबाहेर गेला, आणि अख्खा अर्ज, एकही चूक नसलेला, कुठेच गेला नाही. बाईंनी एक की दाबून बघितली. बाण आता खिडकीवर होता, त्यामुळे ते अक्षर उमटलं. एकटंच.

"काय झालं सर?" अध्यक्षांनी विचारलं. बाईंना नाही, मला विचारलं.

सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मशीन तीन दिवसांपूर्वी मी बदललं. चूक माझी आहे. पुन्हा पाच मिनिटं द्या, एवढंच. पण समोर प्राचार्य बसले होते. तीन दिवस आधी कशाला बदललं, कुणाला विचारून बदललं, वर्षभर हेच चाललंय का, हे सगळे प्रश्न मला त्यांच्या चेहऱ्यावर आधीच दिसायला लागले. आणि मी म्हणालो, "बाईंना माउसची अजून तितकी सवय नाही."

खोटं नव्हतं ते. म्हणूनच ते तोंडातून इतकं सहज आलं.

"साहजिक आहे," अध्यक्ष म्हणाले, "वय झाल्यावर अवघडच असतं." त्यांनी घड्याळ बघितलं. त्यांना पुढे कारखान्यावर मीटिंग होती. "बघू या," म्हणत ते उठले. आमच्या संस्थेत 'बघू या'चा अर्थ 'नाही', हे सगळ्यांना माहीत होतं. बाईंनी कोरा कागद घडी घालून टेबलावर ठेवला, रुमालाने की-बोर्ड पुसला आणि शेजारच्या खोलीत आपल्या वर्गावर गेल्या. पाचच मिनिटांत खडखडाट सुरू झाला.

पुढे बाईंना पत्र मिळालं, वर्षअखेर सेवा संपुष्टात. जूनमध्ये संस्थेने दहा नवी मशीनं घेतली. ती येतानाच दुसरीच कुठली तरी सिस्टीम भरून आली. चाकवाला ठेवायचा की पाऊलवाला, हे मला कुणी विचारलं नाही. माझं वर्षभराचं डावं-उजवं एका टेम्पोतून उतरलेल्या दहा खोक्यांनी निकालात काढलं. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं म्हणजे सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याचीच लाज वाटली.

बाईंनी टायपिंग विभागातलं एक मशीन विकत घेतलं आणि कोर्टाच्या आवारात पत्र्याखाली टेबल टाकून अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करायला लागल्या, हे मला कळलं होतं. स्टँडवरून माझा रोजचा रस्ता तिथूनच जायचा. सहा-सात महिने मी लांबच्या रस्त्याने वळसा घालून जात होतो. शेवटी त्या वळशाचाही कंटाळा आला. एका दुपारी सरळ आवारात शिरलो. अर्ज टाइप करून हवा, असं काहीतरी निमित्त करून त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसलो.

"बसा सर," त्या म्हणाल्या. जणू मी कालच भेटलो होतो. मी मजकूर लिहून दिला. त्यांनी तो उजव्या हाताला ठेवला आणि टाइप करायला घेतला. अर्धा झाला असेल तेव्हा मी म्हणालो, "बाई, त्या दिवशी चूक तुमची नव्हती."

हात थांबले नाहीत. "माहितीय मला."

"कधीपासून?"

"दुसऱ्याच दिवशी. तुम्ही वर्गावर हुता तेव्हा मी बसून बघितलं. माउस त्या चौकटीवर ठेवला की उमटायचं, बाजूला सारला की न्हाई. दहादा करून बघितलं."

"मग कुणाला सांगितलं का नाही? प्राचार्यांना तरी?"

पान संपलं होतं. त्यांनी ते मशीनमधून काढलं, एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"मी सांगितलं असतं तर ती सबब वाटली असती, सर. पत्र निघायला आठ दिवस लागले. तोवर तुम्ही सांगाल, असं वाटलं हुतं."